सर्वात जास्त अंडी देणाऱ्या कोंबड्यांचीच पिल्लं ठेवली, तरी टोपली हलकी का होत चालली?

मनोरीची वाडी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी राहते मालाडला, पण सासरची वाडी मनोरीला आहे. दर शनिवारी मार्वेहून बोटीने पलीकडे जाते आणि रविवारी संध्याकाळी अंड्यांची टोपली घेऊन परत येते. आमच्या सोसायटीतली पंधरा-सोळा घरं गावरान अंडी माझ्याकडूनच घेतात. अधले-मधले दिवस वाडी सासूबाई बघतात.

२०२१ चा पावसाळा संपल्यावर ४२ तलंगांपासून (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या) सुरुवात केली. पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं की नुसत्या पाळायच्या नाहीत, कळप सुधारायचा. सुताराकडून बारा खोकी करून घेतली. कोंबडी आत शिरली की मागे दार पडतं. सासूबाई दिवसातून पाच फेऱ्या मारतात, खोक्यातली कोंबडी काढतात, तिच्या पायातल्या कड्याचा रंग आणि नंबर बघतात आणि वहीत टिपतात. चार वर्षांच्या सहा वह्या झाल्यात, एकही दिवस रिकामा नाही.

दर वर्षी वही काढून सर्वात जास्त अंडी देणाऱ्या सहा कोंबड्या निवडते आणि फक्त त्यांचीच अंडी उबवणीला लावते. कोंबडेही त्यांच्याच मुलांतले ठेवते. आता तिसरी पिढी अंड्यावर आहे. हिशोब असा: पहिल्या कळपात रोज शंभर कोंबड्यांमागे ३१ अंडी मिळायची, आता ३७ मिळतात. म्हणजे सुधारणा झाली. पण टोपली? पहिल्या वर्षी आठवड्याला ८४ अंडी घेऊन बोटीत बसत होते, आता ७० सुद्धा जेमतेम होतात. आणि टोचाटोची इतकी वाढली आहे की खुराड्यात शिरायला मन धजत नाही. गेल्या महिन्यात एक कोंबडी कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेली मिळाली, शेपटीच्या वर तळहाताएवढी जागा उघडी, आणि तिच्याभोवती तीन जणी शांतपणे, जणू दाणे टिपताहेत तशा, टोचत होत्या. ती वाचली नाही.

खाद्य तेच, जागा तीच, माणसं तीच. मग चुकतंय कुठे?

शहापूर लेअर

ताई, आधी खाद्यातली प्रथिनं तपासा. मिथिओनिन (प्रथिनांतला एक घटक) कमी पडलं की पक्षी एकमेकांची पिसं खातात. मिठाचं प्रमाणही बघा. उजेड जास्त असेल तर गोणपाट लावून कमी करा. मेथीची किंवा कोबीची जुडी टांगून ठेवली तर चोच तिकडे गुंतते. आमच्याकडे आम्ही दहाव्या दिवशी चोच कापून घेतो, त्याने आमची मरतूक आटोक्यात आहे.

निवृत्त पैदासकार, गोरेगाव

शहापूरच्या दादांनी सांगितलेलं आधी करून घ्या, ते बरोबर आहे. कमी प्रथिनं, उवा-गोचिड्या, गर्दी, भगभगीत उजेड यातलं काही असेल तर पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

मला तीन गोष्टी सांगाल का? जखमा डोक्यावर, तुऱ्यावर असतात की पाठीच्या मागच्या बाजूला? तिसऱ्या पिढीत अंड्यावर येताना किती पक्षी ठेवले होते आणि आज किती आहेत? आणि हे ३७ तुम्ही कोणत्या आकड्याने भागून काढलेत?

मनोरीची वाडी

मॅडम, खाद्य आणि उवा दोन्ही तपासून झालं. डॉक्टर येऊन गेले, खाद्य बदलून दोन महिने झाले. फरक थोडा पडला, पण थोडाच.

जखमा बहुतेक शेपटीच्या मुळाशी आणि गुदद्वाराजवळ. तुऱ्यावर क्वचित.

पहिल्या वर्षी ४२ ठेवल्या होत्या, वर्षाअखेर ३९ उरल्या. यंदा ४८ ठेवल्या, आज २७ आहेत. काही मेल्या, काही इतक्या जखमी झाल्या की वेगळ्या करून शेवटी काढून टाकाव्या लागल्या. भागाकार त्या दिवशी हयात असलेल्या कोंबड्यांनी करते. पहिल्या वर्षी १२ भागिले ३९, आता १० भागिले २७.

निवृत्त पैदासकार, गोरेगाव

ताई, तुमचं उत्तर तुमच्याच वहीत आहे. आज जरा सविस्तर लिहिते, कारण या एका गोष्टीत माझी नोकरीची बरीच वर्षं गेली आहेत आणि ती आपल्याकडच्या छोट्या पाळणाऱ्यांपर्यंत पोचली नाही याची मला मनापासून खंत आहे.

आधी भागाकार. हयात कोंबड्यांनी भागलंत की मेलेल्या कोंबड्या हिशोबातून आपोआप गळून जातात. जिने तिघींना मारलं तिच्या कळपाची टक्केवारी उलट सुधारते, कारण भागायला आता तीन कमी. अंड्यावर येताना जेवढ्या ठेवल्या तेवढ्यांनीच वर्षभर भागा. पहिल्या वर्षी १२ भागिले ४२, म्हणजे शंभरामागे साधारण २९. यंदा १० भागिले ४८, म्हणजे २१. तुमचा कळप सुधारलेला नाही, घसरला आहे. तुमची टोपली खरं बोलत होती.

आता हे झालं का, ते.

मी लालबागच्या चाळीत वाढले. मजल्यावर एक नळ, पहाटे तासभर पाणी, बिऱ्हाडं अठरा. समजा कोणी परका माणूस वही घेऊन आला आणि 'या मजल्यावर पाणी भरण्यात सर्वात हुशार घर कोणतं' हे ठरवायला प्रत्येक घरातले भरलेले हंडे मोजू लागला. सर्वात जास्त हंडे कोणाकडे निघतील? ज्या घरची बाई पहाटे चारपासून नळाला खेटून उभी राहते आणि दुसऱ्याची कळशी पायाने सरकवते, तिच्याकडे. तिचे हंडे मोजताना तो माणूस शेजारणीचे रिकामे हंडेही तिच्याच खात्यात जमा करत असतो, फक्त त्याला ते कळत नाही. आता अशीच अठरा बिऱ्हाडं निवडून नवी चाळ वसवली तर? पाणी तेवढंच येणार, पण हंडे फुटतील, अर्धं पाणी मोरीत वाहून जाईल.

तुमची वही तो माणूस आहे. कोंबडीने दिलेली अंडी ही एकट्या तिची कमाई नसते. तिच्या अंगातला गुण त्यात असतो, आणि सोबतच्या कोंबड्यांनी तिला किती खाऊ दिलं, किती शांत बसू दिलं, हेही त्यात असतं. आणि सोबतच्या कोंबड्यांचं ते वागणंही काही अंशी आनुवंशिक असतं. म्हणून पैदासशास्त्रात आता प्रत्येक जनावराचे दोन गुण धरतात. एक, स्वतःच्या उत्पादनावर होणारा परिणाम. दुसरा, सोबत्याच्या उत्पादनावर होणारा परिणाम, त्याला सामाजिक परिणाम म्हणतात. जनावराची पैदाशीतली खरी किंमत म्हणजे पहिला गुण, अधिक दुसरा गुण गुणिले सोबत्यांची संख्या.

त्या गुणाकारात सगळी मेख आहे. समजा एक कोंबडी स्वतः सरासरीपेक्षा १० अंडी जास्त देते, पण सोबतच्या प्रत्येकीचं वर्षाला एकच अंडं कमी करते. कप्प्यात तिच्यासोबत ११ जणी असतील तर १० मिळवली, ११ घालवली. तुमच्या वहीत ती पहिल्या नंबरावर आहे, टोपलीत तोट्याची आहे. एक अंडं कमी होणं इतकं बारीक असतं की एकेका कोंबडीकडे बघून ते कधीच ध्यानात येत नाही.

ही मांडणी ब्रूस ग्रिफिंग यांनी १९६७ साली ऑस्ट्रेलियात काम करताना गणिताने केली. त्यांनी दाखवलं की जिथे जनावरं एकमेकांशी स्पर्धा करतात तिथे उत्तमातलं उत्तम जनावर निवडत गेलं तरी पुढची पिढी उतरू शकते. तुमच्या वाडीवर तेच झालं आहे. सासूबाईंच्या नोंदींत काहीही चूक नाही हे त्यांना जरूर सांगा. त्या वह्या नसत्या तर मला हे आज सांगता आलं नसतं.

मी स्वतः हे उशिरा शिकले. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर एका खाजगी फार्मवर लेअरच्या, म्हणजे अंड्यांसाठीच्या कोंबड्यांच्या, पैदाशीला लागले. आम्ही कोंबड्या एकेकट्या पिंजऱ्यात तपासायचो, कारण त्याशिवाय अंडं कोणाचं ते कळत नाही. एकटीने भरपूर अंडी देणाऱ्यांच्या मुली पुढे चौघी-चौघी एका पिंजऱ्यात जायच्या. एका सकाळी शेडमध्ये शिरले तर तिसऱ्या रांगेतल्या एका पिंजऱ्यात तिघी उभ्या, चौथी खाली, आणि तिघींच्या चोची लाल. पायातला पट्टा पाहिला. माझ्याच यादीतल्या सर्वात वरच्या कोंबड्याच्या मुली होत्या त्या. आम्ही त्यांना चांगलं म्हणून निवडलं होतं आणि शेजारीण असताना त्या कशा वागतात हे आम्ही कधी बघितलंच नव्हतं. एकट्या पिंजऱ्यात ते दिसणार कसं? वरिष्ठांनी चोच आणखी खोल कापायला सांगितली. मला ते पटलं नव्हतं, पण तेव्हा माझ्याजवळ दुसरं उत्तर नव्हतं.

उत्तर १९९६ साली वाचायला मिळालं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर यांनी एका बापाच्या मुली एकाच पिंजऱ्यात ठेवल्या, चोची कापल्या नाहीत, आणि कोंबडी निवडायचं सोडून पिंजरा निवडला. अख्ख्या पिंजऱ्याचा हिशोब चांगला असेल तर ते सगळं घराणं पुढे ठेवायचं, नाहीतर सगळं बाद. दुसऱ्या पिढीत वर्षाची मरतूक ६८ टक्के होती, चौथ्या पिढीत ती ८.८ टक्क्यांवर आली. निवड न केलेल्या मूळ वाणाच्या कोंबड्या एकेकट्या पिंजऱ्यात ठेवल्या होत्या, त्यांची मरतूक होती ९.१. म्हणजे घोळक्यात राहूनही त्या एकटीइतक्याच सुरक्षित झाल्या. ठेवलेल्या प्रत्येक कोंबडीमागे वर्षाची अंडी ९१ वरून २३७ वर गेली. हा आकडा वाचून मी वही बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिले होते. एवढी वाढ मुख्यतः कोंबड्या जिवंत राहिल्याने झाली. अंडी द्यायची कुवत त्यांच्यात आधीपासून होती, शेजारणी ती वापरू देत नव्हत्या.

बहिणी एकत्र ठेवण्याचं कारण नीट समजून घ्या, नाहीतर सगळं फसेल. कप्प्यात घराणी मिसळली तर टोचणारीचा फायदा तिच्या घराण्याला आणि जखम दुसऱ्याच्या घराण्याला जाते. बहिणी-बहिणी एकत्र असल्या की टोचणारीचं नुकसान तिच्याच घराण्याच्या खात्यात पडतं. मग त्या घराण्याचा हिशोब आपोआप वाईट दिसतो. कोण कोणाला टोचतंय हे पाहायला तासन्‌तास खुराड्यात बसायची गरज उरत नाही.

पुढे नेदरलँड्समध्ये वागेनिंगन विद्यापीठात पीटर बाइमा आणि सहकाऱ्यांनी चोच न कापलेल्या लेअर पक्ष्यांवर हिशोब मांडला (२००७). कोंबडी किती दिवस जगते यातल्या आनुवंशिक फरकापैकी सुमारे दोन तृतीयांश भाग सामाजिक परिणामांचा निघाला. जुन्या पद्धतीने फक्त उरलेला एक तृतीयांश दिसत होता. युरोपात २०१२ पासून जुन्या पद्धतीचे पिंजरे बंद झाले, कोंबड्या मोठ्या कळपात आल्या, तेव्हापासून हा प्रश्न तिकडे आणखी जिव्हाळ्याचा झाला.

डुकरांमध्ये चित्र इतकं स्वच्छ नाही. तिथेच नेदरलँड्समध्ये सोबत्यांच्या वाढीला पोषक अशा आनुवंशिक किमतीची डुकरं निवडून पाहिली. ती एकमेकांना कमी चावत, कप्प्यात टांगलेलं गोणपाटसुद्धा कमी कुरतडत. पण वजनवाढीत अपेक्षेप्रमाणे फरक दिसला नाही. म्हणजे वागणं बदललं, वजन नाही. हे मुद्दाम सांगते, कारण म्यूर यांचे आकडे पाहून कोणी प्रत्येक जनावरात तसाच चमत्कार अपेक्षू नये.

जखमांबद्दल. तुऱ्यावर, डोक्यावर टोचणं ही मानाची भांडणं असतात, कोण वरची कोण खालची ते ठरवायची. कोंबड्यांतली ही उतरंड नॉर्वेच्या शेल्डरप-एबे यांनी १९२१-२२ च्या सुमारास मांडली, आणि आपल्या आज्यांना ती त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. ही भांडणं ओळख पटली की निवतात. शेपटीच्या मुळाशी टोचणं वेगळं. त्यात राग नसतो, तुम्ही लिहिलंत तसं ती शांतपणे टिपत असते. नवं फुटणारं पीस रक्ताने भरलेलं असतं, ते तुटलं की रक्त येतं, रक्त दिसलं की बाकीच्या धावतात. म्हणून 'भांडखोर कोंबडी शोधून काढा' हा सल्ला तुमच्याकडे अर्धाच लागू पडेल. कप्प्याच्या हिशोबाने निवड केली की दोन्ही प्रकार त्यात येतात.

तुमच्यासाठी मी हे सुचवीन. तीन किंवा चार कोंबडे वेगवेगळे ठेवा, शक्यतो त्यातले दोन बाहेरून आणा, कारण तीन पिढ्या सहाच माद्यांवर आणि त्यांच्याच मुलांवर चालल्यात, रक्त फार जवळ आलं आहे. प्रत्येक कोंबड्याच्या मुली वेगळ्या कप्प्यात, आठ-आठ किंवा दहा-दहा. एका बापाच्या मुलींचे दोन कप्पे करा आणि ते दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. वाडीवर समुद्राकडून वारं येतं, एका टोकाला ऊन जास्त असतं. एकच कप्पा असेल तर गुण घराण्याचा की जागेचा हे कधीच कळणार नाही. वहीत रोज कप्प्याची एकूण अंडी आणि मेलेल्या-काढलेल्या कोंबड्या, बस्स. वर्षाअखेर ठेवलेल्या संख्येने भागा. जे घराणं दोन्ही जागी चांगलं दिसेल त्यातल्या सगळ्या कोंबड्यांची अंडी उबवणीला लावा, एकट्या सर्वोत्तम कोंबडीची नको. कोंबडेही अशाच चांगल्या घराण्यांतले घ्या, पण जोडी लावताना एका घराण्याचा कोंबडा दुसऱ्या घराण्याच्या मुलींना द्या.

आणि या पक्ष्यांच्या चोची कापू नका. शहापूरच्या दादांचा धंदा मोठा आहे, विकत आणलेल्या पिल्लांवर चालतो, त्यांची अडचण मला समजते. पण जो कळप आपण निवडून घडवणार त्याची चोच कापली तर आपण ज्याची निवड करतोय तोच गुण झाकला जातो.

शहापूर लेअर

मॅडम, हे मला नवीन आहे. आम्ही पिल्लं हॅचरीतून आणतो तेव्हा निवड आमच्या हातात नाही. पण हॅचरीवाल्याला हे विचारता येईल ना, की तुमच्या वाणाची निवड एकट्या पिंजऱ्यात होते की घोळक्यात?

निवृत्त पैदासकार, गोरेगाव

जरूर विचारा. 'चोच न कापता चौघी ठेवल्या तर वर्षाची मरतूक किती' असंही विचारा. मोठी खरेदी करणाऱ्याने विचारलं की उत्तर द्यावं लागतं.

आरे युनिटवाला

मॅडम, मी आरे कॉलनीत वाढलो, वडील तिथल्या म्हशींच्या एका युनिटात कामाला होते. आता मी स्वतः जोगेश्वरीच्या एका तबेल्यात दुधाचा हिशोब बघतो. कोंबड्यांचं वाचून मला म्हशी आठवल्या. आमच्याकडे एक जाफराबादी आहे, शिंगं मानेवर पडलेली, अंगाने दांडगी. तिच्या शेजारी जी म्हैस बांधू तिचं दूध दोन-तीन दिवसांत उतरतं. पान्हाच सोडत नाही. जागा बदलली की परत येतं. दोन्ही म्हशी दाव्याला बांधलेल्या, ही तिला मारू शकत नाही, फक्त गव्हाणीवरून मान फिरवून फुरफुरते. एवढ्याने दूध उतरतं. मग हाही सामाजिक परिणामच ना? आणि दूध मोजून म्हैस चांगली-वाईट ठरवतो ते चूक का?

निवृत्त पैदासकार, गोरेगाव

दादा, तुम्ही जे पाहिलंत ते खरं आहे. घाबरलेल्या म्हशीच्या अंगात अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि ते पान्हा सोडणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या आड येतं. दूध कासेत असतं, खाली उतरत नाही. तुमची जाफराबादी शेजारणीच्या दुधाच्या वहीत रोज आपला आकडा लिहिते आहे.

पण तबेल्यातल्या एका म्हशीवरून आनुवंशिक काही ठरवता येत नाही. त्याला अनेक बापांच्या, अनेक मुलींच्या नोंदी लागतात, आणि त्या नोंदीत एक रकाना लागतो जो आपल्याकडे मी कुठल्याच वहीत पाहिलेला नाही: त्या दिवशी शेजारी कोण बांधली होती. दूध, फॅट, वेत, व्यायल्याची तारीख सगळं लिहितात. शेजारीण लिहीत नाहीत. सोबत कोण होतं हे लिहिलेलं नसेल तर कितीही भारी संगणक आणा, सामाजिक परिणाम काढता येत नाही. तुम्ही तो रकाना उद्यापासून सुरू करा. एवढ्या वर्षांत मला कोणी असं विचारलं नव्हतं, बरं वाटलं.

मुंबईच्या तबेल्यांचं माझं दुखणं मात्र वेगळं आहे. ताजी व्यायलेली उत्तम म्हैस हरियाणातून, गुजरातेतून इथे येते, आटेपर्यंत दूध देते, आणि मग बऱ्याचदा तिची पुढची वेतं होतच नाहीत. पारडूही टिकत नाही. गावाकडची सर्वात चांगली म्हैस जर अशी एका वेतात संपत असेल तर निवड उलट्या दिशेने चालू आहे. तो विषय मोठा आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन.

आरे युनिटवाला

काढतो मॅडम. आजच्या वहीत रकाना आखला. जाफराबादीच्या डावीकडे सात नंबर, उजवीकडे भिंत.

मनोरीची वाडी

उशिरा लिहिते आहे, रविवारी वाडीवरून आल्यावर बसले. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. चाळीच्या नळाचं ऐकून त्या म्हणाल्या, 'मग सव्वीस नंबरचं मी तुला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं.' खरंच सांगितलं होतं. सव्वीस नंबर, लाल कडं, माझ्या वहीतली आजवरची सर्वात जास्त अंडी देणारी. ती खाद्याच्या भांड्याला आडवी उभी राहते, म्हणजे एका बाजूने कोणाला तोंडच घालता येत नाही. अंड्याच्या खोक्यातही तीच आधी शिरते, बाकीच्या बाहेर ताटकळतात आणि काही जणी तुसात कुठेतरी अंडं घालतात, ते वहीत कोणाच्याच नावावर पडत नाही. सासूबाई म्हणत होत्या ही दुसऱ्यांच्या तोंडचं खाते. मी म्हणत होते आकडा बघा. आज हयात असलेल्या २७ पैकी १४ तिच्या नाती-पणती आहेत.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे सहाही वह्या परत हिशोबाला घेतल्या. ठेवलेल्या संख्येने भागल्यावर दुसऱ्या पिढीतच घसरण सुरू झालेली दिसते. तेव्हा मी ती पावसाळ्याच्या नावावर ढकलली होती.

उत्तन आणि गोराईहून दोन वेगळे कोंबडे मिळाले. घरचे दोन ठेवलेत, त्यातला एक हिरव्या कड्याच्या नऊ नंबरचा मुलगा. ती कोंबडी पहिल्या सहांत एकदाच आली, तीही शेवटच्या नंबरावर, पण तिच्यासोबतच्या कप्प्यात आजवर एकही मेलेली नाही, हे वही उलटसुलट चाळल्यावरच कळलं. सुताराला आठ कप्पे सांगितलेत, चार वाऱ्याच्या बाजूला, चार विहिरीकडे.

एक विचारायचं राहिलं. सव्वीस नंबरचं काय करू? सासूबाई तिला काढायला तयार नाहीत.

निवृत्त पैदासकार, गोरेगाव

काढू नका. एकटीला वेगळी जागा द्या, तिची अंडी खायला वापरा, उबवणीला लावू नका. आणि पुढच्या वर्षी निवड करताना सासूबाईंना शेजारी बसवून घ्या. कप्प्यांचे आकडे एका बाजूला लिहा, त्यांना प्रत्येक कप्प्याबद्दल काय वाटतं ते दुसऱ्या बाजूला. दोन्ही मला इथे पाठवा.

हिरव्या कड्याच्या नऊ नंबरच्या सगळ्या मुली कुठे आहेत, हयात आहेत का, तेही कळवा.

मनोरीची वाडी

पाच होत्या. पाचही आहेत.